टाकाने चित्रं काढायची आहेत, पण शाई पसरते. निब कोणती घेऊ?

तुम्ही लिहिलंय, १२ निबांचा सेट आणला, वहीत रेघा मारल्या तर शाई पसरते आणि मध्येच गोळा पडतो. नवीन निब घेऊ नका. आधी कागद बदला.

वहीचा किंवा झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे कागदाची जाडी) कागद पातळ शाई लगेच पितो. ती तंतूंमधून धावते आणि रेघेला मिशा फुटतात. गुळगुळीत ब्रिस्टल (जाड, कार्डासारखा कागद) किंवा हॉटप्रेस (गरम दाबून गुळगुळीत केलेला) घ्या, २०० जीएसएमच्या पुढचा. सरावाला आयव्हरी कार्डाचा कागद चालतो. जलरंगाचा खरबरीत कोल्डप्रेस मात्र नको. त्याचा तंतू निबेच्या चिरेत अडकतो, निब उडते आणि चित्रभर शिंतोडे. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, ओल धरलेल्या कागदावर चांगली शाईही फुटते.

गोळा पडतो त्याचं कारण वेगळं. नव्या निबेवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा किंवा लाखेचा थर असतो, त्यावर शाई टिकत नाही, थेंब होऊन घसरते. भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पुसून कोरडी करा. लायटरवर धरायचा सल्ला मिळेल, पण जास्त तापली तर पोलादाचा कडकपणा जातो.

सेटमधल्या बहुतेक निबा पडूनच राहतात. एक जी-निब (दाबाप्रमाणे जाड-बारीक रेघ देणारी निब, निक्को किंवा झेब्रा कंपनीची) पुरे. हंट १०२ ही निब फार बारीक रेघ देते, पण तिला वेगळा, बारीक तोंडाचा होल्डर लागतो आणि नवख्या हाताखाली ती कागदात रुतते. ती नंतर.

शाई ‘वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक’ लिहिलेली घ्या, काळी, एकच बाटली. साधी फाउंटन पेनची शाई वरून पाण्याचा ब्रश फिरवला की बहुधा वाहते. उलट, ड्रॉइंग इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, त्यातली लाख वाळली की पेन संपलं.

निब भोकाच्या जरा वरपर्यंतच बुडवा, दौतीच्या काठाला टेकवून जादा शाई काढा. रेघ स्वतःकडे ओढा. पुढे ढकलली की टोक कागदात घुसतं. उभ्या-आडव्या छटांसाठी हात वळवण्यापेक्षा कागद फिरवा. दर पाच-दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने निब पुसा, वाळलेली शाई नुसत्या पाण्याने निघत नाही.

टाकाचा कंटाळा आला तर पिग्मा मायक्रॉन ही आत शाई असलेली बारीक टोकाची पेनं, ०१ आणि ०५, घ्या. आकडा मिलिमीटरचा नाही बरं का, ०१ म्हणजे ०.२५ मिमी आणि ०५ म्हणजे ०.४५.