नाशिकमध्ये एका संध्याकाळी एकटीने काय बघावं, आणि २५ हजारांत कॅमेरा कोणता घ्यावा?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. कामासाठी नाशिकला येताय, एक संध्याकाळ मोकळी आहे, सोबत कोणी नाही आणि शहरातली कला बघायची आहे. फोनवर संध्याकाळचे फोटो मनासारखे येत नाहीत म्हणून कॅमेरा घ्यायचाय, पण २५ हजारांच्या वर जायचं नाही. आणि एकटीने कॅमेरा काढून गर्दीत उभं राहायला संकोच वाटतो. मी पंचवटीत वाढले, गोदाघाटावर वर्षानुवर्षं फोटो काढत फिरते, त्यामुळे तिन्हींवर लिहिते.

कलादालनच हवं असेल तर गंगापूर रोडच्या कुसुमाग्रज स्मारकात चित्रप्रदर्शनं भरतात, तिथे काय चालू आहे ते बघून घ्या. पण हातात एकच संध्याकाळ असेल तर माझं ऐका, पंचवटी आणि जुनं नाशिकच बघा. या शहराची कला दगडात, लाकडात आणि तांब्यापितळेत आहे, तीही रस्त्यावर, तिकिटाविना. शिवाजी तुपे यांच्यासारख्या जलरंगकारांनी हाच घाट पुन्हा पुन्हा रंगवला. आजही सकाळी पायऱ्यांवर कोणी ना कोणी बोर्ड मांडीवर घेऊन बसलेलं दिसतं.

सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी काळाराम मंदिरापासून सुरुवात करा. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे देऊळ काळ्या दगडाचं आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो इथेच. दरवाजासमोर उभं राहताना एवढं माहीत असावं, मग नुसता दगड दिसत नाही. गाभाऱ्यात फोटो काढू नका, आवारात काढायचा तरी आधी विचारा.

आता फोटोची मेख सांगते, कारण फोन असो की कॅमेरा, इथे दोघंही फसतात. समोर जे आहे ते सरासरी मध्यम करडं आहे असं धरून कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, चालतो. समोर काळा दगड आला की त्याला वाटतं उजेड कमी पडला, आणि तो आपणहून वाढवतो. मग देऊळ धुवट राखाडी येतं आणि मागचं आकाश पांढरंफटक. उपाय सोपा आहे. फोनवर दगडावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एकपर्यंत न्या. दगड काळा दिसायला लागतो, आणि त्या काळेपणातच छिन्नीच्या रेघा उठून दिसतात. हे जमलं की निम्मं नाशिक जमलं.

तिथून उतरत घाटावर नारोशंकराच्या देवळाकडे या. हे खरं तर रामेश्वराचं, म्हणजे शंकराचं देऊळ, १७४७ साली नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं. दर्शनी बाजूला वर टांगलेली ती प्रसिद्ध घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, त्यानंतर ती इकडे आली. घंटेपाशी सगळेच थांबतात. तुम्ही मात्र देवळाला पूर्ण फेरी मारा. बाहेरच्या भिंतींवर आणि शिखरावर मोर, प्राणी, माणसं, वेलबुट्टी इतकी दाटीने कोरली आहे की एका नजरेत मावत नाही.

इथे उजेडाची दिशा सांभाळायची. मावळतीचं ऊन पश्चिमेच्या बाजूवर समोरून पडतं, त्यामुळे तिथलं कोरीव काम सपाट दिसतं. उत्तर आणि दक्षिण बाजूंना तेच ऊन घासून जातं, आणि मोराच्या पिसाऱ्यातली प्रत्येक खाच स्वतःची सावली टाकते. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे कलून मावळतो, तेव्हा उत्तरेची बाजू बघा. हिवाळ्यात नैर्ऋत्येकडे मावळतो, तेव्हा दक्षिणेची. अंगणात भिंतीची सावली आधीच चढलेली असते, म्हणून नजर वर शिखराकडे ठेवा, शेवटचं ऊन तिथेच टिकतं. तुम्ही डिसेंबरात येणार असं लिहिलंय, म्हणजे दक्षिण बाजू.

पुढे दुतोंड्या मारुती. नदीच्या पात्रात उभी असलेली ही मोठी मूर्ती म्हणजे नाशिककरांचं पूर मोजायचं माप. पावसाळ्यात घरोघरी विचारतात, मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? कंबर, छाती, गळा, यावरून कोणी दुकान आवरायचं ते ठरतं. डिसेंबरात पायाशी कपडे वाळत असतील आणि मुलं खेळत असतील. तो फोटो नक्की काढा.

सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं रामकुंडावर किंवा होळकर पुलावर काढा. आकाश गडद निळं होतं, घाटावरचे दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा उजेड थोडा वेळ तोलात येतो. पुलावरून रामकुंडाच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की घाट, कळस आणि पाण्यातली प्रतिबिंबं एका चौकटीत येतात. मात्र त्या पुलावर वाहतूक भरपूर आहे, कठड्याला चिकटून राहा.

मग पलीकडे जुन्या नाशकात शिरा. सराफ बाजार, सरकारवाडा, भांडी बाजार. वाटेत जुन्या वाड्यांचे दरवाजे आणि तुळयांची कोरीव टोकं दिसतील, दर वर्षी थोडी कमीच होताहेत, म्हणून मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मंदिरं राहतील. वाडे राहतीलच असं नाही, आणि पाडलेल्या वाड्याचा नीट फोटोसुद्धा अनेकदा कोणाकडे नसतो. भांडी बाजारात तांब्याच्या घंगाळावरचं मठारकाम जवळून बघा. हातोडीचा प्रत्येक ठोका एक छोटी खळी सोडतो आणि प्रत्येक खळीत दुकानातला दिवा वेगळा चमकतो. फोटो काढताना चमकत्या भागावर फोकस धरून उजेड कमी करा, नाहीतर तांबं पांढरं पडतं.

आता कॅमेरा. वरचा सगळा फेरफटका डोळ्यासमोर आणा. देऊळ हलत नाही, त्यासाठी कुठलाही कॅमेरा चालेल, कठड्यावर टेकवला तरी काम होतं. अडचण येते ती अंधार पडल्यावर माणसांची. आरतीतले हात, भांडी पुसणारा दुकानदार, घाटावरची मुलं. म्हणून तुमचे पैसे जास्त उजेड आत घेणाऱ्या लेन्सवर गेले पाहिजेत, कॅमेरा जुना चालेल.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर येते. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड घेते. म्हणजे किट लेन्सला जिथे सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि माणूस पुसट येतो, तिथे हिला शंभरावा भाग पुरतो आणि माणूस जागच्या जागी थांबतो. सेन्सरचे मेगापिक्सल वाढवून हा फरक पडत नाही.

२५ हजारांत नवीन काही चांगलं मिळणं कठीण आहे, जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्या. कॅनन आणि निकॉन दोघांचाही भर आता मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे, त्यामुळे चांगले डीएसएलआर स्वस्तात निघताहेत. निकॉन डी ३४००, डी ३५००, डी ५३०० किंवा कॅनन २०० डी, यातलं चांगल्या स्थितीतलं जे मिळेल ते. तिन्ही निकॉन आणि तो कॅनन, सगळे २४ मेगापिक्सलचे आहेत, त्यांच्यात डोकं शिणवू नका.

माझं मत निकॉनकडे झुकतं, आणि ते फक्त एका लेन्सपायी. लेन्सचा मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं चौकटीत कमी मावतं. निकॉनची ३५ मिमी एफ १.८ डीएक्स या कॅमेऱ्यांवर साधारण ५२ मिमीसारखी दिसते, म्हणजे बोळात उभं राहून दुकान आणि दुकानदार दोन्ही येतात. कॅननची स्वस्त ५० मिमी एफ १.८ उत्तम आहे, पण कॅननच्या या कॅमेऱ्यावर ती ८० मिमी होते. जुन्या नाशिकच्या बोळात मागे सरकायला जागाच नसते, पाठ समोरच्या ओट्याला लागते. चेहऱ्यांचेच फोटो काढायचे असतील तर मात्र कॅनन घ्या. निकॉन घेताना एक सांभाळा. या मॉडेल्समध्ये फोकसची मोटर कॅमेऱ्यात नाही, म्हणून लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलंच बघा, त्यांच्यात मोटर लेन्समध्येच असते. जुनी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो.

पैसे एकदम जमत नसतील तर आधी किट लेन्ससह कॅमेरा घ्या, ३५ मिमी पुढच्या दोन-तीन पगारांत जुनी शोधा.

जुना कॅमेरा हातात आला की लेन्समधून मोबाईलचा टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी सोडा. एफ १६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढा, एकाच जागी येणारे काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते, त्यावर घासाघीस करा. शटर किती वेळा उडालंय ते निकॉनच्या फोटोच्या फाईलमध्ये नोंदलेलं असतं. कॅननच्या या वर्गातल्या कॅमेऱ्यांत तसं मिळत नाही, तिथे बटणांची झीज बघा. बॅटरी फुगलेली नको. आणि स्वतःचं कार्ड नेऊन घरी मोठ्या स्क्रीनवर फोटो बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

तोवर फोनवर थांबायला काहीच हरकत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, त्यासाठी विमा पॉलिसीवर कर्ज काढलं. मग भांडवलदारांना पटवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. विषय घरातलाच होता. पुढे त्यांनी आपली कंपनी नाशिकलाच आणली. सकाळ मोकळी मिळाली तर पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे.

संकोचाबद्दल. घाटावर कॅमेरे रोज असतात, तुमच्याकडे कोणी वळून बघणार नाही. बाजारात मात्र थेट रोखू नका. आधी कॅमेरा खाली ठेवून दोन शब्द बोला, "दादा, हे घंगाळ मठारलंय किती सुंदर, फोटो काढू का?" बहुतेक जण स्वतःच दिवा जवळ ओढून देतात. काढलेला फोटो तिथल्या तिथे दाखवा, हवा असेल तर पाठवून द्या. स्नान करणाऱ्यांचे आणि दशक्रियेला बसलेल्यांचे फोटो अजिबात काढू नका. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन येतात, ते त्यांचं खासगी दुःख आहे.

साडेआठ-नऊपर्यंत भांडी बाजारातून रविवार कारंजाला या, तिथून रिक्षा सहज मिळते. तुम्ही नाशिकरोडला उतरणार असं लिहिलंय, ते अंतर नऊ-दहा किलोमीटर आहे, तेव्हा भाडं बसायच्या आधी ठरवून घ्या. आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, तिरका खांद्यावरून घ्या.