अडेल आवडते, मग पुढे कोणाला ऐकावं?

तुमचा प्रश्न असा आहे की ब्रिटिश गायिका अडेलची गाणी ऐकून मन भरून येतं, पण गाण्यांचं ॲप 'असेच आणखी कलाकार' म्हणून जी नावं सुचवतं त्यांतलं एकही भिडत नाही. मग नवीन कोणी सापडावं कसं?

आमच्या इंदूरला कोणी नवा गायक रंगला, की जाणती मंडळी आधी विचारतात, "शिकला कोणाकडे?" उस्ताद अमीर खाँसाहेबांचं हे गाव. गाण्याचं मूळ शोधायची सवय इथल्या मराठी घरांतही मुरली आहे. पॉपच्या बाबतीत मी हाच प्रश्न विचारते आणि मला तो ॲपपेक्षा कितीतरी जास्त देतो. ॲप बऱ्याच अंशी एवढंच बघतं की अडेल ऐकणारे आणखी काय ऐकतात. त्यामुळे तीच ती गाजलेली नावं फिरून समोर येतात.

अडेल कोणाला ऐकून घडली? अमेरिकन गायिका एटा जेम्सचं नाव तिने स्वतःच अनेकदा घेतलंय. एटाचं 1967 मध्ये रेकॉर्ड झालेलं 'आय'ड रादर गो ब्लाइंड' हेडफोन लावून ऐका. अख्खं गाणं जवळजवळ दोनच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर) झुलतं. चाल कुठे जात नाही, वाद्यं मागे संथ हलत राहतात, त्यामुळे सगळा भार आवाजावर येतो. एकच ओळ ती पुन्हा म्हणते तेव्हा दुखणं वाढलेलं असतं. अडेलमध्ये तुम्हाला जे भिडतं ते हेच असेल, तर पुढचे कित्येक महिने तुम्हाला ऐकायला कमी पडणार नाही. तिथूनच गायिका बॉनी रेटकडे वळा. तिचं 1991 चं 'आय कान्ट मेक यू लव्ह मी' अडेलने 2011 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायलं होतं. आवडत्या गायिकेने दुसऱ्यांची कोणती गाणी गायली, हे बघणं फार उपयोगी पडतं. '21' या अल्बमच्या एका आवृत्तीत अडेलने स्टीलड्रायव्हर्स या बँडचं गाणं घेतलंय, त्याचा एक गीतकार क्रिस स्टेपलटन. कंट्री संगीत आपलं नव्हे असं वाटत असलं, तरी त्याचा आवाज एकदा ऐकाच.

दुसरी वाट गाण्याच्या क्रेडिट्सची, म्हणजे गाणं कोणी लिहिलं, कोणी वाजवलं त्या यादीची. अडेलच्या 'समवन लाइक यू' मध्ये पियानो आणि आवाज एवढंच आहे. ध्रुवपदाला आवाज वर चढतो आणि कडेला फाटल्यासारखा होतो. तो पियानो वाजवलाय डॅन विल्सनने, आणि गाणं लिहिण्यातही तो आहे. 'चेसिंग पेव्हमेंट्स' मध्ये तिच्यासोबत गीतकार एग व्हाइट होता. गायिका डफीच्या 'वॉरिक ॲव्हेन्यू' मध्येही तोच. डफी तुम्हाला नक्की आवडेल.

आणि शाळा! अडेल लंडनमधल्या क्रॉयडनच्या ब्रिट स्कूल या कलाशाळेची. एमी वाइनहाउसही तिथे होती. अलीकडच्या रे, ऑलिव्हिया डीन, लोला यंग याही तिथल्याच. रे हिने 2024 मध्ये एका रात्रीत सहा ब्रिट अवॉर्ड, म्हणजे ब्रिटनचे संगीत पुरस्कार, जिंकले. मला मात्र ऑलिव्हिया जास्त जवळची वाटते, ती दुःखही हलक्या हाताने मांडते.

एक विनंती. नवा कलाकार सर्वांत गाजलेल्या गाण्यावरून पारखू नका, पूर्ण अल्बम लावा. 2011 मध्ये अडेलच्या दौऱ्यात तिच्याआधी मायकेल किवानुका गायचा. त्याचा 2012 चा 'होम अगेन' सुरुवातीला घ्या.