एक्का आणि त्याच रंगाचं पान हातात असूनही चिप्स का जातात?

दादरला घरच्या पोकरच्या डावात बदामचा एक्का-छक्की घेऊन दर वेळी रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या सामाईक पानापर्यंत) जाता आणि हरता, असं तुम्ही लिहिलंय. गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळलेल्यांना ‘कलर’चा मोह सुटत नाही, पण टेक्सास होल्डेममध्ये (हातात दोन आणि मध्ये पाच सामाईक पानं असलेल्या पोकरमध्ये) एका रंगाची दोन पानं असताना फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पानांवर) थेट फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) साधारण ०.८ टक्के वेळाच लागतो. फ्लश ड्रॉ, म्हणजे फ्लशला एकच पान कमी, मिळतो ११ टक्के वेळा.

ड्रॉ मिळाला की उपयोगी पानं ९. टर्नवर (चौथ्या पानावर) लागण्याची शक्यता १९ टक्के, टर्न-रिव्हर मिळून ३५.

आता पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) ३००, त्यावर समोरच्याची बेट १५०. कॉलला, म्हणजे तेवढेच १५० टाकून डावात राहायला, जिंकण्याची शक्यता २५ टक्के हवी. तो ऑल-इन (सगळ्या चिप्स लावून बसलेला) असेल तर दोन्ही पानं दिसतात, म्हणजे ३५ टक्के; कॉल बिनधास्त करा. त्याच्याकडे चिप्स उरल्या असतील, तर टर्नचे १९ टक्केच धरा; मग फ्लश लागल्यावर सरासरी आणखी १८५ तरी मिळायला हवेत. तेवढे मिळणार नसतील तर सोडा.

नुसता कॉल करत राहणं हीच खरी गळती. एकच प्रतिस्पर्धी असेल आणि तो पानं टाकून डाव सोडणारा असेल, तर स्वतः रेझ करा (बेट वाढवा): तो पळाला तर पॉट तुमचा, नाही पळाला तरी ९ पानं शिल्लक. चौघे पॉटमध्ये असतील तर ब्लफ नको, स्वस्तात पान बघा. तिथे एक्क्याचा फ्लश राजा-राणीच्या फ्लशकडून भरपूर वसूल करतो. बोर्डवर जोडी आली की मात्र फुल हाउसची (तीन सारखी पानं आणि एक जोडी, फ्लशला हरवणारा हात) भीती धरा.

आणि फ्लॉपवर नुसता एक्का जुळला, तर छक्कीच्या किकरवर (जोडी सारखी असताना निकाल लावणाऱ्या दुसऱ्या पानावर) मोठा पॉट खेळू नका. चिप्स बहुतेक तिथेच जातात.