पत्रिकेत 'लग्न' छापू की 'सहजीवन सोहळा'?

ताई, तुमचा प्रश्न असा, की पुतणीचं तिच्या मैत्रिणीशी नेदरलँड्समध्ये लग्न होतंय, मग दादरला घरच्यांसाठी छोटा कार्यक्रम, पत्रिका मराठीत काढायचीय आणि घरात काहीजण म्हणतायत की लग्न म्हणजे बाई आणि पुरुष हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ, तेव्हा 'सहजीवन सोहळा' छापा.

मूळ अर्थ तसा नाहीये. लग्न हा शब्द संस्कृत 'लग्' वरून आलाय, म्हणजे चिकटणं, जोडलं जाणं, आपलं 'लागणं' पण तिथलंच. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला जी रास लागलेली असते ते लग्न, त्यावरून मुहूर्त, आणि मुहूर्तावरून तो सोहळाच लग्न झाला. यात बाई कुठेय, पुरुष कुठेय? उलट 'विवाह'मध्ये 'वह्' आहे, वाहून नेणं, म्हणजे नवरीला माहेरून घेऊन जाणं. तुमच्या पुतणीला खरं तर लग्न हाच शब्द जास्त शोभतो. आणि आपण दर कार्तिकात तुळशीचं लावतो त्यालाही लग्नच म्हणतो ना.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आपल्याकडे बऱ्याच जातींत विधवेनं पुन्हा संसार मांडला तर त्याला लग्न म्हणायचेच नाहीत, 'पाट लावला' म्हणायचे, कुठे 'मोहतूर'. एक लग्नाची बायको आणि एक पाटाची बायको. संसार तोच, राबणं तेच, पोरंबाळं तशीच, पण शब्द वेगळा आणि त्या शब्दासोबत मानही कमी. आज आपण सरळ 'दुसरं लग्न' म्हणतो आणि पाट हा शब्द आजीच्या पिढीसोबत गेला, फार बरं झालं. सहजीवन शब्द सुंदरच आहे हो, पण एका पुतणीचं लग्न आणि दुसरीचं सहजीवन असं एकाच घरात झालं की तो परत पाटच झाला.

नेदरलँड्समध्येही आधी, 1998 ला, नोंदणीकृत भागीदारी असं वेगळं नाव होतं. 1 एप्रिल 2001 पासून मात्र कायद्यात लग्नासाठीचा जुनाच शब्द ठेवला आणि ते भिन्न किंवा समान लिंगाच्या दोन व्यक्तींचं होऊ शकतं एवढंच लिहिलं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 17 ऑक्टोबर 2023 ला अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे इथे नोंदणी होणार नाही हे खरंय, पण पत्रिका काही नोंदणीचा कागद नाही.

एक अजून. दोघींच्या नावामागे 'चि. सौ. कां.' नको, त्यातलं सौभाग्य नवऱ्याच्या असण्याशी बांधलेलंय. नुसतं 'चि.' लावा, चिरंजीव म्हणजे दीर्घायुषी, ते मुलींनाही चालतं. आणि खाली मोठ्या अक्षरात, 'यांचं लग्न आहे, अक्षता टाकायला नक्की या.'