बीस्टी बॉईज पंककडून हिप-हॉपकडे कसे वळले?

बीस्टी बॉईज १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये बँड म्हणून जमले ते हार्डकोर पंक, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक, वाजवायला. मायकेल डायमंड, अ‍ॅडम याऊक, जॉन बेरी आणि ड्रमवर केट शेलेनबाख. बॅड ब्रेन्स हा पंक बँड त्यांचं दैवत. पुढे बेरीच्या जागी अ‍ॅडम होरोविट्झ आला.

वळण दिलं १९८३च्या ‘कुकी पुस’ या गाण्याने. एका आइस्क्रीम कंपनीला केलेला थट्टेचा फोन, त्याखाली बीट आणि स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासून काढलेला आवाज! क्लबमध्ये ते चाललं. मग कार्यक्रमांसाठी डीजे हवा म्हणून रिक रुबिन आला आणि रॅपचा नाद पक्का झाला. पण पंकची धग गेली नाही, आणि माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे: १९९२च्या ‘चेक युअर हेड’ या अल्बमसाठी डायमंड, याऊक आणि होरोविट्झ या तिघांनी पुन्हा गिटार, बेस, ड्रम हातात घेतले.