घर नेमकं कुणाच्या सोयीचं?

ताई, नमस्कार.

मुलाची पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, सुनेला सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीची ऑफर, नात तीन वर्षांची. मुलगा म्हणतो, इंदूरच्या रामबागेतलं घर सोडून पीथमपूरच्या वाटेवरच्या राऊला फ्लॅट घेऊ. आणि तुम्ही विचारलंय, सुनेनं ऑफर नाकारावी का?

नाकारू नये. थांबवायचा असेल तर फ्लॅट थांबवा.

पीथमपूर आपल्या इंदूरच्या नैर्ऋत्येला, पंचवीस-तीस किलोमीटरवर. सुपर कॉरिडॉर वायव्येला, विमानतळाच्या अंगाला. राऊला गेलात की मुलाचा रस्ता जवळपास अर्धा होईल, पण सुनेला सगळं शहर ओलांडावं लागेल, तेही स्कूटरवर. मुलाला कंपनीची बस आहे, त्यात तो झोप तरी काढतो. लांबचा पल्ला बसनं जाणाऱ्यानं घ्यावा. शिवाय सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो रात्री बाराला घरी येतो, म्हणजे संध्याकाळचं जेवण, नातीचं झोपणं, सगळं सुनेच्या एकटीवर. त्या आठवड्यात ती सातला पोचते की साडेआठला, यावर घर चालतं. दोघांच्या मधोमध घर घेतलेली जोडपी माझ्याकडे येतात. बहुतेकदा दोघंही दमलेली असतात. मेट्रोच्या भरवशावरही घर ठरवू नका. ३१ मे २०२५ला ती सुरू झाली, ती सुपर कॉरिडॉरवरच्याच सहाएक किलोमीटरवर.

आता तुमच्याबद्दल. नातीला दिवसभर तुम्ही सांभाळता, आणि गुडघे दुखतात हे शेवटच्या ओळीत घातलंत. हे मुलाला स्पष्ट सांगा. राऊला गेलात तर सून उशिरा पोचणार, म्हणजे पाळणाघर आलंच; रामबागेत राहिलात तर अर्ध्या दिवसाची बालवाडी पुरते आणि दुपारी तुम्हाला पाठ टेकता येते. माझ्या मते वर्षभर रामबागच बरी. हप्ता सुरू झाला की नोकरी बदलायची हिंमत राहत नाही, आणि सुनेची तर अजून प्रोबेशनही सुरू व्हायची आहे.

सही करण्याआधी तिनं एचआरला लेखी विचारावं: आठवड्यातून किती दिवस ऑफिस, सुटायची वेळ काय, उशीर झाला तर कॅब मिळते का. आणि एखाद्या सोमवारी सकाळी, भर गर्दीत, रामबागेतून तिथवर स्कूटरनं जाऊन यावं. रविवारचा अंदाज धरू नये.

एचआरचं उत्तर आलं की पाठवा, आपण मिळून पाहू.