घशाला लागत नाही म्हणून

प्रिय बाबू,

तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून बसून लिहितो आहे. व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, तुझा प्रश्न असा होता: "सर, सिगारेटनं छाती भरून यायची, सकाळी कफ पडायचा. व्हेपनं तसं काहीच होत नाही, एकदम हलकं वाटते. मग बदललं ते बरंच केलं ना?"

अर्धं तुझं बरोबर आहे. ते अर्धं मी आधी सांगतो. मोठी माणसं तेवढंच नेमकं टाळतात, आणि मग पोट्टे त्यांचं पुढचं काहीच ऐकत नाहीत.

मी सिगारेट ओढत होतो तेव्हाचं मला चांगलं आठवतं. झुरका घशाला खरवडतच आत जातो. जिभेवर राखेची कडू चव बसते, डोळे चुरचुरतात, बोटांचा वास साबणानंही जात नाही. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या म्हाताऱ्यांची बिडी त्याहून कडक. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, ती विझू नये म्हणून घाईघाईनं आणि जोर लावून ओढावी लागते, त्यामुळे छातीत धूरही जास्त जातो. झुरका घेताना सिगारेटचं टोक आठ-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. त्या जळण्यातून सात हजारांहून जास्त रसायनं निघतात, त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी आहेत. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्यात तिसऱ्या राउंडला पाय जड होतात आणि पोरगा म्हणतो दम पुरत नाही, त्यामागे हाही असतो.

व्हेपमध्ये जळणं नाही. बारीक तारेची गुंडाळी असते, तिच्यात कापूस, आणि कापसात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीचा अर्क आणि निकोटिन यांचं मिश्रण. तार तापते, द्रवाची वाफ होते. डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. म्हणून तुझी छाती मोकळी वाटते ते खरंच आहे, मनाचा खेळ नाही.

मैदानावर येणाऱ्या ज्या पोट्ट्यांनी व्हेप ओढलं आहे त्यांना मी खोदून खोदून विचारलं, की नेमकं कसं वाटतं? सगळ्यांचं सांगणं जवळपास सारखंच. कोमट, ओलसर वाफ. पुदिन्यासारखा थंडावा. ओठांवर गोडसर चिकटा. थोड्या वेळानं तोंडाला कोरड, कारण ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन्ही द्रव ओलावा शोषून घेतात. वास पाच मिनिटांत गायब. एक जण म्हणाला, "सर, वाफच तं आहे, काईच लागत नाही." फक्त आतला द्रव संपत आला आणि कापूस कोरडा पडला की करपलेला झुरका येतो, त्या वेळी सगळे तोंड वाकडं करून थुंकतात. असा तापलेला द्रव फुटून त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिनसारखे झोंबणारे वायू निघतात. तो झुरका आला की निदान कळतं तरी, की आत काहीतरी तापतं आहे.

आता तुझं उरलेलं अर्धं, जिथं तू फसतो आहेस. "काईच लागत नाही" हे आपोआप झालेलं नाही. ते मुद्दाम घडवलेलं आहे.

हे तुला खर्ऱ्यावरून लगेच समजेल. पानठेल्यावर खर्रा घोटताना सुपारी आणि तंबाखूत चुना घालतात. तो चवीपुरता नसतो. निकोटिनचं असं आहे की चुन्यासारख्या क्षाराबरोबर ते मोकळं होतं आणि तोंडाच्या कातडीतून झपकन रक्तात जातं. तेच मोकळं निकोटिन वाफेतून घशात गेलं तर जाळतं, खोकला आणतं. सुरुवातीच्या व्हेपमध्ये हीच अडचण होती. निकोटिन वाढवलं की घसा सहन करत नसे, म्हणून माणूस कमी ओढायचा. मग २०१५ च्या सुमारास बाजारात आलेल्या उपकरणांनी उलटा मार्ग धरला. निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल घालून त्याचं लवण, म्हणजे मिठासारखं संयुग, केलं. आम्लामुळे झोंबणं गेलं. पूर्वी जेवढं निकोटिन कुणी ओढूच शकलं नसतं, तेवढं आता आंब्याच्या आणि पुदिन्याच्या चवीत सहज आत जातं. वर थंडावा देणारी रसायनं, म्हणजे जी थोडी जळजळ उरली असेल तीही जाणवू नये.

धानाची मळणी आठव. यंत्राजवळ कोंडा उडाला की शिंका येतात, खोकला येतो, तुझी आई पदर नाकाला बांधते. खोकला हा आपला राखणदार आहे. सिगारेटच्या धुरात तो निदान ओरडतो तरी. व्हेप बनवणाऱ्यांनी त्याचं तोंड बंद केलं आणि माल आत सोडला. तू मला सांगतोस की खोकला येत नाही म्हणून चिंता नाही. मला नेमकी त्याचीच चिंता वाटते.

आणि तुझ्याच बोलण्यातली एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. होस्टेलला असताना तू आठवड्याला दोन-तीन सिगारेटी ओढायचास. खाली उतरावं लागायचं, टपरीवर जावं लागायचं, पैसे जायचे, वॉर्डनला वास यायचा. आणि सिगारेट फिल्टरपर्यंत आली की संपायची. तो शेवट तुला थांबवायचा. व्हेपला शेवट नाही. तू म्हणालास की अभ्यास करताना ते उशाशी असतं, दर पानागणिक एक झुरका होतो, सकाळी डोळे उघडायच्या आधी हात तिकडे जातो. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जातं. ५ टक्के लिहिलेल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये ते ५० मिलिग्रॅम असतं. सगळं काही शरीरात उतरत नाही, तरी दिवसभरात किती जातं ते तुझं तूच बघ. आठवड्याला दोन-तीन सिगारेटींवर असलेला मुलगा आज तासभरही त्याशिवाय बसू शकत नाही. मग आपण बदललं की वाढवलं?

"ओढलं की डोकं शांत होतं" असंही तू म्हणालास. होतं, मला माहीत आहे. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. उतरलं की चिडचिड सुरू होते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. पुढचा झुरका तीच चिडचिड मिटवतो. न ओढणाऱ्याला ही बेचैनी नसतेच. सकाळचा पहिला झुरका सगळ्यात भारी लागतो, कारण रात्रभर शरीर त्याच्यावाचून तळमळत असतं. या बाबतीत सिगारेट आणि व्हेप यांत काडीचाही फरक नाही.

छाती हलकी झाली म्हणून धावणं सुधारेल, असंही समजू नकोस. मागच्या हिवाळ्यात एका पोराचं मनगट धरून मी नाडी मोजली होती. तो बाजूला जाऊन व्हेप ओढून आला, पुन्हा मोजली. बसल्या जागी नाडी चांगलीच चढली होती, आणि अजून त्यानं एक पाऊलही टाकलं नव्हतं. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला उगाच पळवतं. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण त्या १६०० मीटरचे आहेत, तुला वेगळं सांगायला नको.

आता एक गोष्ट, जी तू कुठेतरी वाचली असशीलच. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्यांना ती सोडण्यासाठी व्हेपकडे वळा असं सांगते, आणि काहींची सिगारेट त्यानं सुटतेही. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण तो सल्ला रोज पाकीटभर ओढणाऱ्या माणसाला आहे, आणि तिथं द्रवात निकोटिन किती असावं यावर कायद्याची मर्यादा आहे: मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. ज्यानं धड सिगारेटही धरली नव्हती अशा विशीतल्या पोरासाठी तो सल्ला नाही. न ओढणाऱ्यानं व्हेप सुरू करू नये, हेही तेच लोक सांगतात.

आपल्याकडे तर २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळंच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुझ्या हातात जे आहे ते चोरून आलेलं आहे. पाकिटावर ५ टक्के छापलं आहे ते कुणी तपासलं? आत काय भरलं आहे ते कुणी पाहिलं? अमेरिकेत २०१९ साली व्हेप ओढणाऱ्यांना अचानक फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण गेले. त्यातले बहुतेक गांजाचा अर्क घातलेला, बाहेरून मिळवलेला द्रव ओढत होते, आणि त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट नावाचं तेल मिसळलेलं सापडलं. तुझं त्यातलं नसेलही. पण ज्या मालाला मालक नाही, पावती नाही, त्याबद्दल "माझं तसलं नाही" असं तू कशाच्या जोरावर म्हणणार? घरी आणशील तेव्हा तुझ्या बहिणीच्या लेकराच्या हाती तर अजिबात लागू देऊ नकोस. तो द्रव पोटात गेला तर लहान मुलाला विषबाधा होते.

सोडायचं ठरवशील तेव्हा एका खड्ड्याची मला सगळ्यात जास्त भीती आहे. आपल्या भागातला पोरगा व्हेप किंवा सिगारेट सोडतो आणि खर्ऱ्यावर येतो. धूर नाही, वाफ नाही, थोड्या पैशांत दिवस निघतो, आणि ठेल्यावर बसलेला प्रत्येक जण "घे गा थोडासा" म्हणतो. घेऊ नकोस. सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं. मैदानावर मी आता नव्या पोरांना तोंड उघडून तीन बोटं उभी घालायला सांगतो. एकाची दोनच गेली. तेविशीचा होता. तिखट भाजी चालत नाही, वरण-भात कालवून लहान घास घेतो, जांभई देताना कानाजवळ दुखतं म्हणून तोंडावर हात दाबतो. मी त्याला नागपूरला तपासायला पाठवलं. या दुखण्यात पुढे कर्करोगाचाही धोका असतो.

पहिले तीन दिवस जड जातील. डोकं दुखेल, भूक वाढेल, झोप लागणार नाही, आईवर उगाच खेकसशील. प्रत्येक तलफ पाच-दहा मिनिटांची असते, ती ओसरतेच. त्या वेळी उठून चाल, थंड पाण्याचे घोट घे. तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास कमी होतो. फारच कठीण वाटलं तर डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून निकोटिनचं च्युइंगम घे. ते चिंगमसारखं चघळत राहायचं नाही: हळूहळू चाव, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेव, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चाव. चहा पिऊन लगेच घेऊ नकोस. चहानं तोंडात आम्ल वाढतं आणि मग निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणजे चुन्याच्या बरोबर उलटं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे: १८००-११-२३५६. हाच नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. जिल्हा रुग्णालयातही तंबाखूमुक्तीचं समुपदेशन मिळतं, विचार.

परीक्षेच्या आठवड्यात सुरू करू नकोस. पेपर संपले की गावी ये, निदान दहा दिवस राहा. होस्टेलच्या त्या खोलीत, त्याच मित्रांमध्ये, पहिले दिवस निघणं अवघड आहे. इथं सकाळी मैदानावर मी असतोच, आणि दिवसा तुला कामाला लावायला तुझे बाबा आहेत. घरी मी यातलं काही बोललो नाही, बोलणारही नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगणार असशील आणि सोबत कुणी हवं असेल, तर मी येतो.

तुझा,
सर

ता. क. रात्री तलफ आली तर मला फोन कर. कितीही वाजले असले तरी चालेल.